कराडचं घर, टेक्सासची पदवी आणि मेहनतीचा हिशोब

प्रश्न : वय २६. मूळ कराडची, गेली चार वर्षं हिंजवडीत डेटा इंजिनिअर. पॅकेज साडेआठ लाख, दरवर्षी पाच-सहा टक्के वाढ. टेक्सासमधल्या एका सरकारी विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सच्या एमएसला प्रवेश मिळाला आहे. दोन वर्षांचा सगळा खर्च ५१ हजार डॉलर, म्हणजे ४६ लाखांच्या घरात. ६ लाख माझी शिल्लक, ४० लाख कर्ज. त्यासाठी कराडचं घर तारण ठेवावं लागेल. वडील साखर कारखान्यातून निवृत्त झालेत, पेन्शन नावापुरती. धाकटा भाऊ डिप्लोमाला आहे. मामा २००० साली न्यू जर्सीला गेले. आज स्वतःचं घर, दोन्ही मुलं मार्गी लागलेली. ते म्हणतात, "तिथं राबणारा माणूस मागे राहत नाही." ऑफिसातले मित्र म्हणतात, "ते दिवस गेले, उगाच घर घालवू नकोस." कष्टाला मी भीत नाही. पण कष्ट केले की वर येता येतं, हे अजून खरं आहे का?

उत्तर : तुमचे मामा खोटं बोलत नाहीत आणि मित्रही नाहीत. दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत, म्हणून तुमचा गोंधळ उडाला आहे.

मामांपासून सुरू करू. ते गेले त्या काळात एच-१बी, म्हणजे अमेरिकेत कुशल नोकरी करायच्या व्हिसाचा कोटा आधी १ लाख १५ हजारांवर आणि मग २००१ ते २००३ या तीन आर्थिक वर्षांसाठी १ लाख ९५ हजारांवर नेलेला होता. चिठ्ठ्या टाकून अर्जदार निवडायची वेळ तेव्हा आलेली नव्हती. पुढची काही वर्षं नोकरीवरच्या ग्रीन कार्डालाही भारतीयांना आजच्यासारखी रांग नव्हती. मामांनी कष्ट केले असणारच, पण ते दार उघडं असताना केले. आज तोच कोटा ६५ हजार आहे आणि अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी वेगळे २० हजार. २०२५ च्या वसंतातल्या फेरीत सव्वातीन लाखांहून जास्त नोंदण्या आल्या आणि त्यातल्या साधारण १ लाख २० हजार लॉटरीनं निवडल्या गेल्या. मामांचा अनुभव सल्ला म्हणून ऐका, वेळापत्रक म्हणून नको.

मित्रांचं म्हणणंही अर्धंच आहे. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पिढ्यांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की १९४० साली जन्मलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक आईवडिलांपेक्षा जास्त कमवू लागले होते, आणि १९८० च्या दशकात जन्मलेल्यांपैकी जेमतेम निम्मे. "अमेरिकन स्वप्न संपलं" म्हणणारे हाच आकडा सांगतात. पण रान अब्रामित्स्की आणि लीया बुस्तान या अर्थशास्त्रज्ञांनी स्थलांतरितांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की त्याच उत्पन्नाच्या घरात वाढलेल्या स्थानिकांच्या मुलांपेक्षा स्थलांतरितांची मुलं आजही वर जातात, जवळजवळ कुठल्याही देशातून आलेली असोत. म्हणजे शिडी मोडलेली नाही. मात्र हे निष्कर्ष तिथे स्थिरावलेल्यांचे आहेत. दारातून परत आलेल्यांची त्या नोंदींत गणतीच नाही, आणि तुमचा प्रश्न नेमका दाराशी आहे.

म्हणून प्रश्न थोडा बदलू या. मेहनत फळते का, हे तूर्त राहू द्या. मेहनत करायची संधी मिळेपर्यंत किती पैसा पणाला लागतो, तो कोणाचा, आणि डाव हुकला तर किती वर्षं फेडायचा?

आकडे मांडू. ४० लाख कर्ज, व्याज साडेदहा टक्के, दर सहा महिन्यांनी १० लाखांचा एक अशा चार टप्प्यांत रक्कम विद्यापीठाकडे आणि तुमच्याकडे जाणार. शिक्षणाची दोन वर्षं आणि वर सहा महिने परतफेडीचा हप्ता नाही. पण "हप्ता नाही" म्हणजे "व्याज नाही" असं नव्हे. सरळव्याजानं धरलं तरी अडीच वर्षांत ७ लाख ३५ हजार साचतात. पहिला हप्ता भरायच्या दिवशी तुमच्या नावावर ४७ लाख ३५ हजार असतील आणि दहा वर्षांच्या मुदतीला महिना सुमारे ६४ हजारांचा हप्ता बसेल. मुदत पंधरा वर्षं केलीत तर ५२ हजार. काही वित्तसंस्था याच काळात चक्रवाढ लावतात, तेव्हा मंजुरीपत्रात ती ओळ शोधून वाचा.

आता दोन चित्रं समोर ठेवा. पहिलं : टेक्सासमध्ये ८५ हजार डॉलरची नोकरी लागली. तिथे राज्याचा आयकर नाही. पहिली पाच कॅलेंडर वर्षं विद्यार्थी व्हिसावरच्यांना सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर या सरकारी निधींची ७.६५ टक्के कपात नाही. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावटही मिळते, जी इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. कर आणि आरोग्य विमा जाऊन महिना ६ हजार डॉलर हातात. वाटून घेतलेलं घर, जुनी गाडी, किराणा, फोन यांत अडीच हजार गेले तरी साडेतीन हजार उरतात, म्हणजे डॉलरला ९० रुपये धरून ३ लाखांच्या वर. सगळं कर्ज दीड वर्षात साफ.

दुसरं चित्र : नोकरी लागली नाही आणि परत आलात. पुण्यात १२ लाखांची नोकरी मिळाली असं धरू. हातात ८५ ते ९० हजार, त्यातले ६४ हजार हप्त्याला. उरलेल्या पंचवीस हजारांत पुण्यात खोली, जेवण आणि कराडला काही पाठवणं. हे दहा वर्षं.

या दोन चित्रांत फरक तुमच्या कष्टांचा नाही. दोन्हीकडे तुम्ही तेवढ्याच राबलेल्या असाल.

इथेच आणखी एक समजूत तपासायला हवी. ८५ हजार गुणिले ९० म्हणजे ७६ लाखांचं पॅकेज, असं सगळे करतात. तसं ते नसतं. खर्च तिथल्या भावानं होतो, फक्त बचत इथल्या भावानं येते. तिथे केस कापायला ३० डॉलर पडतात तेव्हा ते ३० डॉलरच असतात, २,७०० रुपये नव्हेत. त्यामुळे अमेरिकेतली नोकरी राहणीमान पटकन बदलत नाही, कर्ज मात्र पटकन फेडते. तुमच्या बाबतीत तिचा खरा उपयोग तेवढाच धरा, बाकी सगळं वरकड.

सगळ्यांना भीती वाटते ती एच-१बीच्या लॉटरीची. माझ्या मते तुमचा खरा कडा त्याच्या बराच अलीकडे आहे : पहिली नोकरी. पदवीनंतर ओपीटी नावाच्या परवान्याखाली विद्यार्थी व्हिसावरच १२ महिने काम करता येतं, आणि अभ्यासक्रम स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत असेल तर आणखी २४. एकूण तीन वर्षं. वरच्या हिशोबानं कर्ज दीड वर्षात फिटतं, म्हणजे तिन्ही वर्षं नोकरी टिकली आणि लॉटरी एकदाही लागली नाही, तरी तुम्ही कर्जमुक्त होऊन वर पन्नासेक लाख घेऊन परताल. ते अपयश नव्हे. पण ओपीटीच्या पहिल्या टप्प्यात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. ते ९० दिवस संपले की स्टेटस, म्हणजे तिथे राहण्याचा कायदेशीर दर्जा गेला, आणि कर्ज जसंच्या तसं. सगळा जुगार त्या तीन महिन्यांवर आहे.

त्या तीन महिन्यांची तयारी तिथे उतरल्यापासून करावी लागते, आणि इथे मेहनतीला खरंच मोल आहे. पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपचे अर्ज पहिल्याच सत्रात, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होतात. ऑगस्टमध्ये पोचलेली मुलगी घर, बँक खातं, वर्गांच्या गडबडीत असते आणि नोव्हेंबरात जागी होते. तोवर मोठ्या कंपन्यांच्या जागा भरत आलेल्या असतात. रेझ्युमे इथूनच एका पानाचा करून न्या. चार वर्षांचा अनुभव ही तुमची मोठी जमेची बाजू आहे. नुसत्या नवपदवीधरांच्या जागांना अर्ज करू नका, दोन ते चार वर्षं अनुभव मागणाऱ्या जागांनाही करा. इंटर्नशिपसाठी सीपीटी, म्हणजे शिकत असताना काम करायची परवानगी लागते, ते एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर मिळतं. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा जास्त वापरलं तर ओपीटीचा हक्कच जातो, हे मात्र विसरू नका. ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपायच्या ९० दिवस आधीपासून करता येतो. पहिल्याच आठवड्यात करा, कारण कामाच्या परवान्याचं कार्ड यायला महिने लागू शकतात. स्टेमची वाढीव दोन वर्षं हवी असतील तर कंपनी ई-व्हेरिफाय या कर्मचारी-पडताळणीच्या सरकारी यंत्रणेत नोंदलेली असायला हवी. छोट्या कंपनीची ऑफर घेण्याआधी हे विचारायला लाजू नका.

मेहनतीचे दोन प्रकार तिथे अंगाशी येतात. पेट्रोल पंपावर किंवा दुकानात रोख पगारावर रात्रपाळी करणं, हा पहिला. सत्र चालू असताना फक्त कॅम्पसवर आणि आठवड्याला २० तास एवढीच मुभा आहे. बाहेरच्या कामानं चारशे डॉलर मिळतात आणि व्हिसा जातो. दुसरा, "ट्रेनिंग देऊन प्लेसमेंट" वाल्या कन्सल्टन्सी. त्या सात-आठ वर्षांचा खोटा अनुभव रेझ्युमेवर घालून देतात, ९० दिवस मोजले जाऊ नयेत म्हणून कागदोपत्री नोकरीही दाखवतात. पुढे एच-१बी किंवा व्हिसा स्टँपिंगच्या वेळी हे उकरून निघालं की कायमची बंदी येऊ शकते. दिवस संपत आले असतील तर त्यापेक्षा सरळ मार्ग असा : पहिल्या १२ महिन्यांच्या ओपीटीत आपल्या विषयातलं, आठवड्याला किमान २० तासांचं बिनपगारी काम चालतं, मग ते प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत असो की एखाद्या स्वयंसेवी संस्थेत. ते नोंदवलं की बेकारीचे दिवस थांबतात.

आता लॉटरी. २०२६ पासून ती सरसकट राहिलेली नाही. पगाराच्या चार पातळ्या आहेत. पहिल्या पातळीवरच्या अर्जाची एक चिठ्ठी, चौथ्या पातळीवरच्याच्या चार. नियम करताना सरकारनं मांडलेल्या अंदाजात पहिल्या पातळीला वर्षाला सुमारे १५ टक्के, दुसरीला ३०, तिसरीला ४६ टक्के संधी दिसते. मे २०२८ मध्ये पदवी घेतलीत तर मार्च २०२९, ३० आणि ३१ अशा तीन फेऱ्या मिळतील. पहिल्या पातळीवर तिन्ही फेऱ्या मिळून ३९ टक्के, दुसऱ्या पातळीवर ६५ टक्क्यांच्या आसपास. आणि एक फेरी सहसा लक्षात येत नाही : तुमची बीई आहेच, तेव्हा कंपनी तयार असेल तर मार्च २०२८ मध्ये, मास्टर्स हातात येण्याआधीच, ६५ हजारांच्या सर्वसाधारण कोट्यात नाव घालता येतं.

पातळी कशी ठरते, हे ऑफर हाती असतानाच पाहायची गोष्ट आहे. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या वेतनविषयक संकेतस्थळावर कामाचा प्रकार आणि काउंटी (तिथला जिल्हा) निवडली की चारही पातळ्यांचे आकडे समोर येतात. तोच ८५ हजार डॉलर पगार टेक्सासच्या एखाद्या मध्यम शहरात दुसऱ्या पातळीत बसेल आणि सॅन होजेला पहिलीतही बसणार नाही. आकडा मोठा दिसतो म्हणून कॅलिफोर्निया निवडणारे इथे फसतात.

"आधी इथे नोकरी करून मग कंपनीतर्फे जाऊ" हा पर्याय मित्रांनी सुचवला असेल. सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेनं अमेरिकेबाहेरच्या माणसासाठीच्या नव्या एच-१बी अर्जावर १ लाख डॉलर लावले गेले. तिथे शिकून तिथल्या तिथे विद्यार्थ्याचं स्टेटस एच-१बीत बदलणाऱ्याला ही रक्कम लागू नाही, असं ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट करण्यात आलं. त्यामुळे शिकायला जाण्याची वाट तुलनेनं बरी ठरते. पण स्टेटस बदलाचा अर्ज प्रलंबित असताना देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही, अगदी चुलतबहिणीच्या लग्नालाही. बाहेर पडलात की स्टेटस बदलाची ती मागणी सोडून दिली असं धरतात. आणि हेही ध्यानात असू द्या की ओपीटी हा संसदेचा कायदा नाही, प्रशासकीय नियम आहे. स्टेमची मुदतवाढ २००८ मध्ये १७ महिन्यांनी सुरू झाली, २०१६ मध्ये २४ झाली. नियमानं वाढलेली गोष्ट नियमानं कमीही होऊ शकते.

ग्रीन कार्ड हिशोबातच धरू नका. नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला १ लाख ४० हजार, त्यात एका देशाला साधारण ७ टक्के. भारतीयांच्या नेहमीच्या दोन रांगांत सध्या नंबर लागतोय तो साधारण २०१३-१४ च्या सुमारास अर्ज केलेल्यांचा. तुमचा अर्ज २०३० नंतरचा असेल. तिथे राहता येतं, एच-१बी तीन-तीन वर्षांनी वाढवत राहता येतो, पण नोकरी गेली की नवी शोधायला ६० दिवस. या टांगत्या तलवारीखाली घर घ्यायचं, मुलं वाढवायची की नाही, हा प्रश्न तुम्हाला पस्तिशीत पडेल, आज नव्हे. तूर्त एवढंच : "तिथलीच होऊन राहीन" या गृहीतकावर आज एक रुपयाही उचलू नका.

मग किती उचलायचा? माझं माप असं. परत येऊन पुण्याच्या पगारावर जेवढा हप्ता झेपेल, तेवढंच कर्ज. हातात ८५ हजार धरले तर ३० हजारांपलीकडे हप्ता नको. साडेदहा टक्क्यांनी दहा वर्षांत ३० हजारांचा हप्ता २२ लाख फेडतो. शिकताना व्याज साचू दिलं तर मूळ कर्ज १९ लाखांच्या आत हवं. दरमहा व्याज भरत राहिलात तर २२ लाख चालेल. तुमचं ४० लाखांचं कर्ज या मापाच्या जवळपास दुप्पट आहे. तुमच्या पत्रातली अडचणीची गोष्ट हीच, बाकी सगळं जमण्यासारखं आहे.

अंतर कमी करायचे मार्ग आहेत. आजच विभागाच्या पदव्युत्तर समन्वयकांना ईमेल टाका : टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप मिळाली तर फी किती माफ होते, आणि टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत अशा विद्यार्थ्यांना राज्यातल्या विद्यार्थ्यांचा दर लागू होतो तो तुम्हाला मिळेल का. चार वर्षं डेटा पाइपलाइन बांधलेल्या व्यक्तीची प्रयोगशाळांना गरज असते. पाच-सहा प्राध्यापकांना त्यांचं काम वाचून, वेगवेगळं पत्र लिहा, एकच मजकूर सगळ्यांना नको. दुसरा मार्ग, प्रवेश एक वर्ष पुढे ढकलायचा. मिळतो का, ते लेखी विचारा. त्या वर्षात पुण्यातच नोकरी बदला. चार वर्षं एकाच कंपनीत पाच-सहा टक्क्यांवर राहणं हे पुण्याचं अपयश नाही, त्या खुर्चीचं आहे. परदेशी कंपन्यांची इथली तंत्रकेंद्रं तुमच्याच कामाला बरंच जास्त देतात. वर्षभरात पगार वाढला, ६ लाखांचे १२ झाले, तर कर्जही घटेल आणि तिथे पाचव्या वर्षाचा अनुभवही दाखवता येईल. आणि कोण जाणे, नव्या पगाराच्या दोन स्लिपा हातात आल्यावर टेक्सासची ओढ तेवढीच राहते का, तेही कळेल.

जर्मनीचं थोडक्यात सांगते. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात मात्र बाहेरच्या विद्यार्थ्यांना आहे. वर्षाच्या खर्चाचे सुमारे १२ हजार युरो आधी ब्लॉक्ड खात्यात (दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा) ठेवावे लागतात, आणि शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं एपीएस प्रमाणपत्र लागतं. दोन वर्षांचं सगळं मिळून तुमचं कर्ज माझ्या मापात बसतं. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने, आणि तिथली पदवी असेल तर दोन वर्षं नोकरी केल्यावर कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. मोबदल्यात पगार कमी, कर जास्त, आणि बी१-बी२, म्हणजे मध्यम पातळीची जर्मन हवीच. अभ्यासक्रम इंग्रजीत आहे म्हणून भाषा टाळणारे नोकरीच्या वेळी अडकतात. पुण्यात शिकायची सोय आहे, पण बी१पर्यंत नोकरी सांभाळून वर्ष सहज जातं.

आणि जायचंच ठरलं तर कागदांचा क्रम चुकवू नका. विद्यापीठाकडून येणाऱ्या आय-२० या प्रवेशाच्या कागदावर अभ्यासक्रमाचा कोड स्टेम यादीतला आहे का ते पाहा. नावात "डेटा" असूनही कोड दुसराच असतो, असं घडतं. व्हिसा शिक्का पासपोर्टवर बसल्याखेरीज राजीनामा द्यायचा नाही. कर्जातून थेट पाठवलेल्या शिक्षणाच्या रकमेवर टीसीएस (पैसे परदेशी पाठवतानाच वसूल होणारा कर) लागत नाही, म्हणून फी स्वतःच्या खात्यातून न पाठवता बँकेकडूनच पाठवा. शिक्षणकर्जाच्या व्याजाची आयकरातली वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, हे वडिलांच्या किंवा तुमच्या विवरणपत्रात धरताना लक्षात ठेवा.

घर तारण न ठेवताही कर्ज मिळतं, व्याज एक-दीड टक्का जास्त असतं. पण "बिनतारण" ऐकून हुरळू नका. तिथेही वडिलांची सहकर्जदार म्हणून सही असते, आणि हप्ते थकले तर वसुलीचा फोन आधी कराडलाच जातो. भावाला दोन वर्षांनी इंजिनिअरिंगसाठी कर्ज लागलं तर वडिलांच्या सिबिलवर तुमचे ४० लाख दिसतील.

तेव्हा या शनिवारी कराडला जाताना लॅपटॉप नको, एक कागद न्या. त्यावर तीनच ओळी : नोकरी लागली तर दीड वर्ष, नाही लागली तर महिना ६४ हजार दहा वर्षं, आणि कर्ज १९ लाखांवर आणलं तर महिना ३० हजार. मामांनाही त्याच वेळी फोनवर घ्या आणि विचारा की पहिली नोकरी लांबली तर सहा महिने ३० हजारांचा हप्ता ते उचलतील का. हो म्हणाले तर ते किती महिने, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.